फिशटँकमधल्या किल्ल्यावर लावलेली रोपं सुटून वर तरंगतात. दोऱ्याने बांधू की फेविक्विक लावू? मासे मरतील का?

मासे मरणार नाहीत, ही काळजी आधी सोडा. फेविक्विक ज्या जातीचा गोंद आहे, तो ओल लागली की कडक होतो आणि मग पाण्यात काही सोडत नाही. खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत प्रवाळाचे तुकडेसुद्धा असल्याच गोंदाने चिकटवतात.

दोन फुटी टाकी, रेझिनचा किल्ला, किनाऱ्यावरून आणलेला ओंडका, दोन गोल्डफिश आणि चार दिवसांत सुटणारी अनुबियास नि जावा फर्न, असं तुम्ही लिहिलंय. मी देवगडचा. माझ्या पहिल्या टाकीतही हेच चाललं होतं. शेवटी वैतागून मी दोन्ही रोपं खडीत खोल खोचली आणि महिन्याभरात अनुबियासचं खोड कुजून हातात आलं.

या दोन्ही रोपांना आल्याच्या गड्ड्यासारखं आडवं खोड असतं. पानं त्याच्या वर, मुळं खाली. ते खोड उघडं राहिलं पाहिजे. खडीत पुरलं, दोऱ्याने करकचून आवळलं किंवा गोंदात बुडवलं की कुजलंच म्हणून समजा. रोप दुकानातून येतं तेव्हा बुडाला मऊ धातूची पट्टी गुंडाळलेली असेल तर तीही काढून टाका, पुष्कळदा ती शिशाची असते. (सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं होतं म्हणतात, पण आपला किल्ला दोन फुटांच्या टाकीत आहे!)

गोंद लावायचा तर पातळ नको, जेलवाला घ्या. पातळ गोंद ओघळून खोडभर पसरतो. रोप वर्तमानपत्रावर टिपून घ्या, किल्ला बाहेर काढून जागा कोरडी करा, मसुराच्या दाण्याएवढे दोन थेंब ठेवा आणि मुळांचा भाग त्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. लगेच पाण्यात सोडलं तरी चालतं. गोंद पांढरा पडतो, जरा ओंगळ दिसतो, पण पुढे त्यावर शेवाळ धरतं आणि दिसेनासा होतो. कापसाच्या बोळ्यावर किंवा सुती दोऱ्यावर मात्र हा गोंद भसकन ओतू नका. सुतावर तो एकदम तापतो, बोट भाजतं.

दोराच बांधायचा असेल तर अनुबियासला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, वापरा. ती इतकी सावकाश वाढते की मुळं पकड घेईपर्यंत सुती दोरा कुजून गेलेला असतो. आमच्या शेजारचे काका गरीला घालतात तसली बारीक तंगूस घ्या, दोन वेढे मुळांवरून, गाठ मागे. जावा मॉस या शेवाळवजा रोपाला मात्र साधा शिवणाचा सुती दोरा उत्तम, दोरा विरेपर्यंत मॉस धरतं. सुंभाच्या वाटेला जाऊ नका, पाणी तांबडं होतं. आणि घरात पडलेली तांब्याची वायर तर मुळीच नको. टाकीत गोगलगाई किंवा कोळंबी असतील तर तांबं त्यांना विषच.

रेझिनच्या गुळगुळीत भिंतीवर मुळांना पकड मिळत नाही, ती आयुष्यभर गोंदाच्याच भरवशावर राहतात. किल्ला खरवडूही नका, रंगाचे पापुद्रे सुटतात. मी काय करतो, रोप आधी मुठीएवढ्या काळ्या दगडाला लावतो आणि तो दगड किल्ल्याच्या दारात नाहीतर खिडकीत अडकवतो. टाकी धुताना दगड उचलला की झालं. दगड किनाऱ्यावरचा असेल तर त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो पाण्याचा जडपणा वाढवत राहील. शंख-शिंपल्यांचंही तेच.

ओंडक्याचं मला खरं तर तुमच्या किल्ल्यापेक्षा जास्त भय वाटतं. समुद्रात लोळलेल्या लाकडात मीठ मुरलेलं असतं. तो बाहेर काढा, बादलीत गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, काही आठवडे तरी. नखाने दाबल्यावर मऊ लागला तर चुलीत घाला. तोवर नारळाची करवंटी उकळून वापरा. बाहेरून खरखरीत असल्याने मुळं पटकन धरतात. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका. माझी करवंटी दीड वर्षात मऊ पडली, पण करवंट्यांना कोकणात काय तोटा!

तुमची रोपं बहुधा गोल्डफिशच उपटतायत. त्यांना चोखायची सवयच असते. अनुबियासचं पान चिवट, ते टिकेल. त्यावर हिरवट थर बसायला लागला तर दिवा दिवसाला सहा-सात तासच ठेवा. नवीन रोपाची जुनी पानं पिवळी पडली तर लगेच उपटून जागा बदलू नका, नवं पान येऊ द्या.

जावा फर्नच्या पानामागे काळे ठिपके ओळीने दिसतील. तो रोग नाही, बीजाणूंचे पुंजके आहेत. मी पहिल्यांदा तसली सगळी पानं छाटून टाकली होती. जुन्या पानांवर मुळांसकट इवलं रोप फुटतं, ते बोटभर झालं की हळूच खुडा. किल्ल्याच्या दुसऱ्या बुरुजासाठी विकत घ्यायला नको.