श्वास मोजतेय, हे सांगायचं नसतं

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. नववीला ‘आरोग्य सेवा’ हा विषय घेतलास म्हणून वर्गातली पोरं ‘बेडपॅनवाली’ म्हणतात, असं लिहिलंयस. म्हणू देत. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून 31 वर्षं काढली, आणि मला बघून पोरं ‘सुईवाली आली’ म्हणत पडवीतून मागच्या परसात पळायची. त्यांच्याच पोरांना पुढे मीच डोस दिले.

पाठ काय काय करू, असं विचारलंयस. पाठांतर फार नाही गं. कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग, लसींचं वेळापत्रक, ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, हे सगळं चार दिवसांत डोक्यात बसेल. वेळ लागतो तो बघायला शिकण्यात.

आता श्वास मोजणंच घे. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100, श्वास 12 ते 20, हे तू वहीत लिहिलंच असशील. पण ‘काकू, तुमचा श्वास मोजते हं’ असं म्हटलंस की काकूंचा श्वास बदललाच. तुझाही बदलेल, आत्ता करून बघ. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथेच ठेवायची, नजर छातीवर न्यायची आणि सेकंदकाटा पुरता एक फेरा फिरू द्यायचा. त्यांना वाटतं, अजून नाडीच बघते आहे. आपल्या कामात एवढीच लबाडी चालते.

दुसरं, सदरा. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला सदरा घालताना अधू हात आधी बाहीत, धड हात मागाहून. काढताना नेमकं उलट. भावाला एक हात लुळा सोडायला सांग आणि त्याच्यावर दहादा सराव कर, तो हसेल तरी कर. पेज भरवायची तर आधी नीट बसतं करायचं, चमचा धड बाजूने द्यायचा, आणि शेवटी गालात शितं साठून राहिली नाहीत ना ते बघायचं. आपल्या वाड्यांमधून निजल्या माणसाच्या तोंडात पेज ओततात. माया असते, पण ठसका लागतो, पेज छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे तुला शिकवतीलच. मी म्हणते, बदलण्याआधी विचार: ‘आजोबा, या कुशीवर वळवू का?’ ज्याने पन्नास पावसाळे होडी हाकली, त्याला ‘चल, आ कर बघू’ म्हणायचं नाही. त्याला ऐकू येत नसलं तरी नाही.

बघण्याने काय होतं, त्याची गोष्ट आपल्याच कोकणातली आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर होते. लाल विंचू चावला की धडधाकट माणसं दगावायची आणि लोक मांत्रिकाचा उतारा करत बसायचे. डॉक्टरांनी रुग्णांजवळ थांबून घाम, थंड पडलेले हातपाय, रक्तदाब, धाप, सगळं टिपून ठेवलं. त्यातून उलगडलं की विष हृदयावर चालून जातं. मग त्यांनी रक्तदाबाचं प्राझोसिन हे साधं औषध वापरलं, माणसं वाचायला लागली, आणि 1986 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या जगप्रसिद्ध मासिकात छापून आलं. सुरुवात मात्र खाटेशेजारच्या नोंदींची. तेव्हा प्रॅक्टिकलच्या वहीत ‘रुग्ण ठीक आहे’ असं लिहू नकोस. काय खाल्लं, किती वेळा उठला, लघवी कधी झाली, ते लिही.

माणूस कुठे राहतो, काय करतो, घरी कोण आहे, हेही बघण्यातच येतं. लावणीच्या दिवसांत ताप आला तर मी आधी पाय बघायची. तळव्यांना भेगा आणि चार दिवस चिखलात उभं राहणं, म्हणजे लेप्टोची, लेप्टोस्पायरोसिस या तापाची, शंका आलीच. उंदराच्या मुताचं पाणी भेगांतून आत शिरतं. मग घरगुती काढ्यात वेळ घालवायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे. एकट्या म्हातारीची गोळी चुकली तर ती विसराळू असेलच असं नाही. मुलगे मुंबईला, दुकान पाखाडीच्या साठ पायऱ्या खाली, आणि गुडघे कामातून गेलेले. तिथे गोळी समजावून भागत नाही, वर आणून देणारा माणूस शोधावा लागतो.

आणि जे बघशील ते गिळायचं. हे मी चूक करून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एस.टी.त शेजारणीला सहज बोलून गेले, की अमकीला दिवस गेलेत. तिने घरात अजून सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत विहिरीवर चर्चा. ती बाई पुन्हा माझ्याकडे आली नाही. पोट घेऊन डोंगर उतरून दुसऱ्या गावच्या नर्सकडे तपासायला जायची आणि मी उपकेंद्राच्या खिडकीतून बघायची. माफी मागायला गेले, तर तिने पाणी दिलं. बोलली नाही.

वाडीतले लोक लवकरच म्हणायला लागतील, ‘तू शिकतेस ना, मग टोच एवढं इंजेक्शन.’ टोचायचं नाही. शाळेच्या या विषयाने नर्स होत नाही, हे त्यांना स्पष्ट सांग. काका रुसतील, रुसू देत. नर्स व्हायचंच असेल तर दहावीनंतर घाई करू नकोस. एएनएम आणि जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमांना बारावी कलाशाखेची वाटही उघडी असते, पण बी.एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच. मैत्रीण आर्ट्‌सला गेली म्हणून तू जाऊ नकोस.

माझं घड्याळ तुझ्या मामाबरोबर पाठवलंय. सेकंदकाटा ठळक आहे, अंधाऱ्या माजघरातही दिसतो. सेल नवा टाकलाय. पट्टा तुझ्या मनगटाला मोठा होईल, दोन भोकं पाडून घे.

तुझी,
सिस्टरमावशी