झाकून काढ

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण तू पाठवलेली दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवून बघत बसलो आणि जरा रागच आला. तुझा नाही. माझाच, पंचवीस वर्षांपूर्वीचा.

पहिलं चित्र म्हणजे दिव्याजवळ बसलेल्या म्हातारीची तू केलेली स्टडी, दुसऱ्याच्या चित्राची अभ्यासासाठी केलेली नक्कल. हुबेहूब आहे. नाकाच्या कडेवरचा तो नारिंगी काठही सुटलेला नाही. दुसरं तुझं स्वतःचं, जिन्यात बसलेला मुलगा. उजेड तसाच, पिवळा, एकाच बाजूने येणारा. पण मुलगा कागदातून कापून जिन्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. आणि खाली तू लिहिलंस, "स्टडी जमते, स्वतःचं काही जमत नाही. मग मी इतके महिने शिकले काय?"

प्रश्न हा आहे. बाकी जे दीड पान लिहिलंस, आपल्यात प्रतिभा आहे का, शैली कधी सापडते, आता उशीर झाला का, ते वाचलं आणि बाजूला ठेवलं.

आता मला सांग, म्हातारी काढताना मूळ चित्र कुठे होतं? पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात उघडं, बरोबर? आणि रंग आयड्रॉपरने, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्याचा रंग टिपणाऱ्या साधनाने, उचललेस. नाही म्हणू नकोस. सावलीतल्या गालाला तो मळकट हिरवा कोणी नवखा माणूस आपणहून लावत नाही. म्हणजे तुझ्या डोळ्यांनी निरोप्याचं काम केलं. इथून उचललं, तिथे पोचवलं. निरोप्याला निरोपाचा अर्थ कळावा लागत नाही.

मला एकच सांगायचं आहे आणि ते या पत्रात पुन्हापुन्हा येणार आहे. चित्र बघ, झाक, मग काढ.

दहा मिनिटं पेनला हात न लावता नुसतं बघायचं. मनात नाही, तोंडाने बोलत बघायचं. सगळ्यात उजळ जागा कुठे आहे, सगळ्यात काळी कुठे, कुठली कड सुरीसारखी आहे, कुठली मागच्या अंधारात विरघळली आहे. वेडेपणा वाटेल, वाटू दे. जे शब्दांत सांगता येत नाही ते बहुतेक वेळा आपण बघितलेलंच नसतं. मग झाकायचं. झाकायचं म्हणजे विंडो खाली सरकवायची असं नाही. हाताशी असलं की तू डोकावणार. मी या वयात डोकावतो. चित्र फोनवर ठेव आणि फोन दुसऱ्या खोलीत. मग रिकामा कॅनव्हास, एक साधा गोल ब्रश आणि वीस मिनिटं.

पाचव्या मिनिटाला कळेल की म्हातारीचा डावा हात कुठे होता हे तुला माहीतच नाही. तीन तास तू तो हात काढलास, आणि माहीत नाही! पोटात खड्डा पडतो. तो पडू दे, त्यासाठीच हा खटाटोप. वीस मिनिटं झाली की मूळ चित्र आण, वर एक नवा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घे, लाल रंग घे आणि फक्त चुका दाखव. दुरुस्त्या करू नकोस. दुसऱ्या दिवशी न बघता पुन्हा काढ. तिसऱ्या दिवशीच्या लाल लेयरवर काय उरतं ते तुला अजून न येणाऱ्या गोष्टींची यादी समज. इतकी चोख यादी कुठलाही शिक्षक काढून देणार नाही, मीसुद्धा नाही.

हे शास्त्र मी शोधलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात पॅरिसला लकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे शिक्षक होते, शिल्पकार रोदँ त्यांच्या हाताखाली शिकला. ते विद्यार्थ्यांकडून आठवणीतूनच चित्रं काढून घ्यायचे. त्यांच्याच वर्गातल्या आल्फाँस लग्रोने लूव्ह्र संग्रहालयातलं, होल्बाइन या चित्रकाराने काढलेलं इरॅस्मस या विद्वानाचं व्यक्तिचित्र नीट बघून घेतलं आणि आठवणीतून काढलं. त्याच्याकडे फोन नव्हता म्हणून त्याला सोपं गेलं, असं म्हणायचा मोह होतो. पण चित्रासमोर उभं राहून नक्कल करणारे त्या दालनांत तेव्हाही ढिगाने होतेच.

रंगाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुझा घोळ मुख्यतः तिथे आहे. आयड्रॉपर खोटं बोलत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. तो त्या ठिपक्याचा रंग देतो. तो रंग तिथे तसा का दिसतो, हे त्याला ठाऊक नसतं. म्हातारीच्या गालावरचा हिरवा खरं तर मळका करडा आहे. शेजारी नारिंगी आहे म्हणून तो हिरवट भासतो. गोबेलाँच्या विणकाम कारखान्यात रंगाई सांभाळणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळा धागा फिका पडतो. त्याने तपासलं, रंगात काही खोट नव्हती. शेजारचे रंग काळ्याला फिका दाखवत होते. १८३९ साली त्याने हे सगळं मांडलं. तू तोच करडा उचलून तुझ्या जिन्यातल्या मुलाच्या गालावर ठेवलास, आणि तिथे शेजारी नारिंगी नव्हताच. मग गाल आजारी दिसणार नाही तर काय?

व्हॅन गॉगने सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना, १८८९-९० मध्ये, मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रं रंगवली. समोर होती ती कृष्णधवल छापील चित्रं. उचलायला रंगच नव्हते! आकृत्या मिलेच्या, पण प्रत्येक निळा आणि पिवळा त्याला स्वतः ठरवावा लागला. तूही एकदा करून बघ. कुणाचं तरी रंगीत चित्र करडं कर, दोन दिवस मूळ बघू नकोस, आणि रंग तू दे. करडं करताना मात्र सॅच्युरेशनची, म्हणजे रंगाच्या भडकपणाची, पट्टी शून्यावर ओढू नकोस. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तसं केलं की भडक पिवळा आणि भडक निळा एकाच करड्यात जातात, आणि ते धादांत खोटं आहे. सगळ्यांच्या वर काळ्याने भरलेला लेयर ठेव आणि त्याचा मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळायची पद्धत, 'कलर' कर. मग खरं उजळ-काळं दिसेल.

मी स्वतः कामात आयड्रॉपर वापरत नाही. बरोबरची मुलं हसतात. मागे एकदा मालिकेतल्या एकाच पात्राचे कपडे सात चित्रांत सात छटांचे झाले, ते जुळवण्यात दोन दिवस गेले, आणि तो ग्राहक पुन्हा आला नाही. तिथे उचलायला हवा होता रंग, कळतं मला. पण एकदा सवलत घेतली की हात ती रोज मागतो, हे मी स्वतःच्या बाबतीत बघितलेलं आहे. तू इतकी हटवादी होऊ नकोस. तू आधी अंदाजाने रंग लाव आणि नंतर आयड्रॉपरने तपास, किती चुकलीस ते. म्हणजे झाक, काढ, उघड. बघ, फिरून तिथेच आलो.

ब्रशचं विचारलंस. कुठलाही चालेल. टाइमलॅप्स, म्हणजे चित्र काढतानाचे वेगाने पळवलेले व्हिडिओ, बघते म्हणालीस. त्यात आधी काय आणि मग काय एवढं कळतं, का ते कळत नाही. अर्ध्यावर थांबव, पुढचा फटका कुठे पडेल ते आधी सांग, मग पुढे चालव. नाही तर ती करमणूक आहे. करमणूक वाईट नाही, पण तिला अभ्यास म्हणू नकोस.

आणि ते फोल्डर. चार हजार दोनशे चित्रं, कलाकारांच्या नावांनी लावलेली. ते बघून मला हसू आलं आणि मग नाही आलं. माझ्याकडे नऊ हजारांच्या वर होती. सहा वर्षं रोज रात्री गोळा करायचो आणि आज अभ्यास झाला असं समजून झोपायचो. एका सकाळी डिस्क गेली, सगळ्यासकट. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून बसलो आणि मोजलं, त्यातली किती चित्रं मला दिसतात. अकरा. आणि त्या अकरांतली बहुतेक मी कधी ना कधी, कंटाळून किंवा प्रवासात, न बघता काढायचा प्रयत्न केलेली होती.

त्या सहा वर्षांबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्यातली चार मी एकाच कलाकारासारखं काढत होतो. त्याच्या रेषा, त्याचे रंग, त्याची ती लांब मानेची माणसं. काम मिळायचं. तो परवडत नाही म्हणून मला बोलवायचे, हे मला फार उशिरा कळलं. मग त्याने आपली पद्धत बदलली, आणि मी तो आता कुठे जातो याची वाट बघत बसलो. वाट बघत! त्याचं 'कसं' माझ्या हातात होतं, 'का' नव्हतं. शैलीबद्दल तुला द्यायला माझ्याकडे एवढंच आहे.

आता, दुसऱ्याच्या चित्रावरून काढणं ही चोरी आहे का हा प्रश्न, जो तू घाबरत तळटीपेसारखा विचारलास. एकदा रात्री अकराला काम आलं, सकाळी नऊला द्यायचं होतं. माझ्याकडून हात नीट निघेना. एका नावाजलेल्या चित्रातला हात मी खाली लेयरवर ठेवला, ओपॅसिटी कमी करून फिका केला, गिरवला आणि आडवा उलटवला. कोणाला कळणार? संपादकाने काही न बोलता ते मूळ चित्र उघडलं, उलटवलं आणि माझ्या चित्रावर ठेवलं. पाच बोटं पाच बोटांवर बसली. खोलीत आणखी दोघं होते. आता, दहा तासांत काय होणार होतं? आणि त्या काळी अनेक जण हेच करायचे, काही तर त्याच जोरावर मोठे झाले, आणि पैसेही... असो. इतक्या वर्षांनी मी अजून स्वतःची वकिली करतोय.

पण तो हात मी झाकून काढला असता, तर तो कितीही वाईट आला असता, त्या हातावर बसला नसता. आठवणीतून येताना चित्र मोडतं. जेवढं समजलं तेवढंच पोचतं, बाकीचं तुला तुझ्याजवळचं घालावं लागतं. 'अभ्यास की चोरी' यावर लोक तासन्‌तास भांडतात, मला त्यात रस नाही. तू काढलेलं मूळच्यावर ठेवून बघ, बसतं का.

गिरवणं मुळातच पाप आहे असं मात्र मी म्हणत नाही. अक्षरं आपण गिरवूनच शिकतो. १८८७ मध्ये व्हॅन गॉगने हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं आलुबुखाराच्या झाडाचं चित्र चौकटी आखून, पारदर्शक कागदावर उतरवून घेतलं होतं. तो कागद आजही आहे. पण ते हिरोशिगेचं नाही असं त्याने कोणाला भासवलं नाही. लूव्ह्रमध्ये आजही नक्कल करायला परवानगी मिळते, पण नक्कल मूळच्यापेक्षा निदान एक-पंचमांश लहान किंवा मोठी असावी लागते आणि मूळ सही उतरवता येत नाही. तू कॅनव्हास उघडलास की पहिल्यांदा कोपऱ्यात मूळ कलाकाराचं नाव लिही. चित्र पूर्ण झाल्यावर नाही, आधी. पूर्ण झाल्यावर माणूस लबाड होतो.

आता जिन्यातल्या मुलाकडे ये. म्हातारीच्या चित्रात लख्ख उजळ जागा एकच आहे, कपाळ. बाकी सगळं दोन गडद छटांत दाबून ठेवलंय. तुझ्या मुलाचं नाक चमकतं, गुडघा चमकतो, पायरी चमकते, भिंतही चमकते. प्रत्येकाला आपापला उजेड. शिवाय तू लॅसोने, म्हणजे कड आखून निवडायच्या साधनाने, आकार कापून त्यावर क्लिपिंग लेयर, म्हणजे त्या आकाराबाहेर न जाणारे थर, चढवलेत, त्यामुळे सगळ्या कडा सारख्याच धारदार आहेत. म्हातारीचे केस मात्र मागच्या भिंतीत कुठे संपतात ते सापडत नाही. तो अंधार तू हुबेहूब उतरवलास आणि तो तिथे कशासाठी आहे ते बघितलं नाहीस. तीन तास समोर उघडा होता!

रागावतोय असं वाटलं तर वाटू दे. तुझा हात चांगला आहे, माझा तुझ्या वयात इतका नव्हता. म्हणून तर चिडचिड होते.

त्या मुलाला सध्या हात लावू नकोस. म्हातारी उद्या झाकून काढ, परवा पुन्हा, तेरवा पुन्हा. तिन्ही पाठव, लाल लेयरसकट, नीटनेटकी न करता. मीही काल काढली. तुझी स्टडी सकाळी दहा मिनिटं बघितली आणि रात्री बसलो. कपाळ जमलं, केस भिंतीत नीट गेले. दिवा मात्र मी उजवीकडे ठेवला. तो डावीकडे आहे.