वाचकांचे प्रश्न : शेजारच्या क्लबाशी सामना

प्रश्न : फुटबॉलमधल्या एव्हर्टन-लिव्हरपूलसारख्या शेजारी क्लबांच्या लढतींतली जुनी मजा पैशाने घालवली, असं इंग्लंडमधले जुने प्रेक्षक म्हणतात. नेमकं काय बदललं आणि केव्हा?

उत्तर : आधी एक गोष्ट सांगायला हवी. ही चुरस जन्मालाच पैशावरून आली. १८८४ पासून लिव्हरपूल शहरातल्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर एव्हर्टन खेळत होता. मैदानाचं भाडं १०० पौंडांवरून २५० वर गेलं, मैदानाचे मालक जॉन हौल्डिंग यांच्याशी वाद विकोपाला गेला आणि १८९२ मध्ये एव्हर्टनने स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्कला बिऱ्हाड हलवलं. रिकाम्या मैदानासाठी हौल्डिंग यांनी नवा क्लब काढला, तोच लिव्हरपूल. दोन मैदानांत मैलभरही अंतर नव्हतं. एकाच घरात एक भाऊ निळा (एव्हर्टनचा) आणि दुसरा लाल (लिव्हरपूलचा), हे त्या शहरात नवलाचं नव्हतं.

तेव्हा पैसा नव्हता असं नाही, त्याला कुंपण होतं. खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त २० पौंडच देता येत. ही मर्यादा १९६१ मध्ये उठली आणि लंडनच्या फुलम क्लबाच्या जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड मिळू लागले. लीगच्या सामन्यातल्या तिकिटविक्रीचा वाटा पाहुण्या संघालाही मिळे. १९८३ मध्ये तो बंद झाला आणि सगळी रक्कम यजमानाकडे राहू लागली. मोठ्या मैदानाचा क्लब पुढे निघून जाण्याचं हे मोठं कारण आहे, पण त्याची चर्चा फार कमी होते. टीव्हीचे पैसेही पूर्वी चारही विभागांतल्या ९२ क्लबांमध्ये वाटले जात. १९९२ मध्ये वरच्या विभागाने वेगळी प्रीमियर लीग काढली आणि पाच वर्षांसाठी ३०४ दशलक्ष पौंडांचा करार केला. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालाने युरोपीय संघातल्या खेळाडूंवरचं परदेशी मर्यादेचं बंधन गेलं, आणि करार संपलेल्या खेळाडूसाठी त्या देशांमधल्या बदलीत पैसे मागण्याचा क्लबांचा हक्कही गेला.

मैदानावर याचा अर्थ काय, ते स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाच्या उदाहरणाने कळतं. १९६७ मध्ये लिस्बनला इंटर मिलानला २-१ हरवून युरोपीय चषक जिंकणारे अकराही खेळाडू सेल्टिक पार्कपासून ३० मैलांच्या आत जन्मलेले होते. आज त्या पातळीवर असा संघ उभा राहणं अशक्यच.

मात्र जुन्या व्यवस्थेची किंमत खेळाडू मोजत होता. करार संपला तरी क्लब त्याची नोंदणी सोडत नसे आणि दुसरीकडे खेळूही देत नसे. न्यूकॅसलचा खेळाडू जॉर्ज ईस्टहॅम याविरुद्ध न्यायालयात गेला. १९६३ मध्ये ही पद्धत व्यवसायावर अवाजवी बंधन घालणारी ठरली. उभं राहून सामना पाहायचे कट्टे गेले त्यालाही निव्वळ पैसा कारणीभूत नव्हता. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेत ९७ जणांचा जीव गेला, आणि त्यानंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांत सर्वांना खुर्च्या देण्याची शिफारस केली. तिकिटं मात्र पुढे महागली. ती महागायलाच हवी होती असं नाही.

प्रश्न : आम्ही दोन शेजारी संघ लेसवाल्या जुन्या चामडी चेंडूने एक सामना खेळणार आहोत. चेंडू तयार कसा करायचा?

उत्तर : लेस सोडवून रबरी ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, बाहेर काढा. बाहेरच अर्धा फुगवून पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर नवा घ्या, कारण जुन्या रबराला लावलेलं ठिगळ फार टिकत नाही. चांगला असेल तर कोरडा करा, टाल्कम पावडर चोळा आणि हवा भरायची नळी लेसच्या फटीकडे ठेवून आत बसवा. पावडर नसली तर रबर चामड्याला चिकटून पीळ खातं आणि चेंडू एका बाजूला फुगतो.

आता थोडीच हवा भरा, चेंडू हाताने सगळीकडून दाबा म्हणजे ब्लॅडर कोपऱ्यांत बसेल. लेस सैल ओवून घ्या आणि मगच पुढची हवा भरा. इथेच बहुतेकांची चूक होते. आधी पूर्ण हवा भरली तर फट उघडी राहते, लेसचा उंचवटा तयार होतो आणि तो कपाळाला लागतो. नळी दुमडून घट्ट बांधा, फटीच्या आतल्या चामडी जिभेखाली (पट्टीखाली) सरकवा, लेस एकेका भोकातून ओढत आवळा आणि टोकं आत दडवा. आजच्या नियमात हवेचा दाब ०.६ ते १.१ वातावरण (अ‍ॅटमॉस्फिअर, हे दाबाचं एकक) आहे. जुन्या शिवणीसाठी ०.६ च्या वर जाऊ नका.

सामन्याच्या आदल्या दिवशी डबिन, म्हणजे मेण, तेल आणि चरबीचं मलम, शिवणींवर जरा जास्त आणि बाकी पातळ चोळा. उरलेलं सकाळी पुसा. जास्त लावलं तर चामडं मऊ होऊन ताणतं आणि चेंडूचा आकार बिघडतो. भिजलेला चेंडू उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवू नका, चामडं तडकतं. हवा थोडी कमी करून सावलीत ठेवा.

जुना चेंडू मुळातच जड होता, हा समज चुकीचा आहे. १९३७ पासून कोरड्या चेंडूचं वजन १४ ते १६ औंसच, म्हणजे साधारण आजइतकंच आहे. फरक पाण्याचा आहे. चामडं पाणी पितं आणि चेंडू जड होत जातो. म्हणून आमचा आग्रह आहे की त्या सामन्यात हेडिंग पूर्ण बंद ठेवा. वेस्ट ब्रॉमविच क्लबाचा जुना खेळाडू जेफ अ‍ॅसल २००२ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी गेला, आणि वारंवार चामडी चेंडू डोक्याने मारल्याने झालेला व्यावसायिक आजार हे मृत्यूचं कारण ठरवण्यात आलं.

प्रश्न : त्याच सामन्याला नियम कुठल्या काळचे घ्यावेत?

उत्तर : १९६० च्या आसपासचे सोपे पडतील. पाठीवर १ ते ११ आकडे, नावं नाहीत. सहकाऱ्याने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक हातात घेऊ शकतो, ही मुभा १९९२ मध्ये गेली. इंग्लिश लीगमध्ये १९६५ पर्यंत बदली खेळाडू नव्हता, पण हे अनुकरण टाळा. कोणी जखमी झाला तर बदली द्या. गोलरक्षकाला खांद्याने ढकलण्याची जुनी मोकळीकही घेऊ नका.