रबर जळल्याचा वास येते, पट्टा तं बदलला, आता काय?

प्रश्न: भाऊ, मायाजवळ जुनी डिझेल हॅचबॅक हाये, सेकंडहँड घेतलेली. महिनाभरापासून बोनेटमधून रबर जळल्यासारखा वास येते, एसी लावला का जास्तच, अन् सकाळी गाडी चालू केली का चीं चीं आवाज. मिस्त्रीनं पट्टा बदलून देला, चार दिस बरं वाटलं, मंग पुन्हा तेच. नव्या पट्ट्याची एक कड पन झिजून राहिली. तो म्हनते पट्टा डुप्लिकेट निंगाला, दुसरा टाकू. टाकू काय?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: नका टाकू. म्हणजे शेवटी पट्टा लागेलच, पण आत्ता नको, नाहीतर तोही जाळून बसाल. पट्टा, म्हणजे इंजनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर अन् एसी फिरवणारा रबरी बेल्ट, आपल्या मनानं जळत नाही भाऊ, त्याला जाळणारं दुसरं कायतरी असतं, एखादी पुली (पट्टा ज्यावर फिरतो ते चाक) जाम, नाहीतर तिरपी, नाहीतर वरून तेल टपकतंय. मिस्त्री लोक आधी पट्टाच बदलतात कारण तो समोर दिसतो आणि गिऱ्हाइकाला पण काम झाल्यासारखं वाटतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ती एका बाजूनं झिजलेली कड. डुप्लिकेट पट्टा असता तर सगळीकडून खराब झाला असता, एकच कड खाल्ली जाते म्हणजे कुठलीतरी पुली लायनीत नाही. अशा वेळी माझा पहिला संशय टेन्शनरवर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी ती छोटी पुली असते ना तिच्यावर, तिचं बेअरिंग गेलं की ती तिरपी होते, पट्टा एका बाजूला सरकतो अन् कड घासत राहते.

आता एसीचं. एसी बंद असला तरी कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यासोबत फिरतच असते, नुसती बेअरिंगवर मोकळी. बटन दाबलं की आतला चुंबकी क्लच पुढची प्लेट ओढून घेतो आणि मग खरा कॉम्प्रेसर फिरायला लागतो, पट्ट्यावर लोड येतो. तुमचा आवाज एसी नसताना सकाळीपण येतो, त्यामुळं नुसता कॉम्प्रेसर खराब असं म्हणून मोठा खर्च डोक्यावर घेऊ नका. ढिला पट्टा लोड आला की घसरतो आणि घसरला की जळतो, एवढंच असू शकतं.

तपासायचं कसं, तर इंजन बंद, चाबी काढून खिशात, इंजन थंड होऊ द्या (मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्रीत ते लवकर थंड होत नाही, घाई करू नका), मग मिस्त्रीला पट्टा काढायला लावा आणि एकेक पुली हातानं फिरवून पाहा. अल्टरनेटर, एसीची, टेन्शनर, आयडलर (पट्ट्याला नुसती वाट दाखवणारी पुली), आणि इंजन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा वॉटर पंप या पट्ट्यावर असेल तर तोही, काही गाड्यांत तो टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या वेगळ्या पट्ट्यावर असतो. चांगली पुली गुपचूप फिरते. खरखर लागली, अडकली किंवा हलवून पाहिली तर डुगडुगली, तर चोर सापडला. वरच्या बाजूला टॅपेट कव्हरच्या (इंजनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून तेल येऊन पट्ट्यावर पडतंय का तेपण बघून घ्या, तेलानं पट्टा फुगतो अन् घसरतो.

दुसरी एक जुनी युक्ती हाये, इंजन चालू ठेवून पट्ट्याच्या रेघांच्या बाजूला लांबून थोडं पाणी उडवायचं. आवाज घडीभर बंद झाला तर पुली लायनीत नाही, उलट वाढला तर पट्टा ढिला. हे करताना गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा, मस्करी नाही, पट्ट्यात कपडा गेला तर हात पण जाते. आणि कोणी साबण लावा, पावडर टाका म्हटलं तर ऐकू नका, आवाज तेवढ्यापुरता जातो अन् खराबी तशीच राहते.

तोवर गाडी चालवताना डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला किंवा टेम्परेचरचा काटा वर गेला की लगेच बाजूला घ्या. पट्टा तुटला तर चार्जिंग बंद, आणि पंप त्यावर असेल तर इंजन उकळते.

प्रश्न: दादा, शाळा आडवळणाला आहे, पावसाळ्यात पांदणीतून जावं लागतं. घरी आल्यावर मागच्या डाव्या चाकाजवळून जळका वास येतो. पट्टाच असेल का?
– एक शिक्षिका, आर्वी तालुका

उत्तर: नाही ताई, पट्टा पुढं असतो, मागच्या चाकाजवळचा वास बहुतेक ब्रेकचा. आपली काळी माती चाकात जाऊन वाळली की दगड होते, हँडब्रेकची केबल आतून गंजते, हँडब्रेक सोडला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही. घरी आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका, फक्त जवळ. ते एकच चाक तापलेलं असेल तर झालंच निदान. मग जॅकवर उचलून, हँडब्रेक सोडून, चाक हातानं फिरवायला सांगा. तापलेल्या ब्रेकवर पाणी मात्र ओतू नका. पावसात सपाट जागी रात्रभर गाडी लावताना हँडब्रेक ओढायच्या ऐवजी गिअरमध्ये ठेवा अन् चाकाला दगड लावा. खालून सायलेन्सरपण बघा, रस्त्यावरची पन्नी चिकटली तर ती कितीतरी दिवस वास मारत राहते.

प्रश्न: चिखलदऱ्याचा घाट चढताना वास आला, वर पोचल्यावर गेला. गाडी खराब झाली का?
– एक वाचक, अचलपूर

उत्तर: क्लच भाजला. गर्दीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली असणार, तिथं हँडब्रेकनं धरायची असते. एकदा वास आला म्हणून प्लेट जात नाही. सपाट रोडवर चौथ्या गिअरमध्ये एकदम रेस द्या, आवाज वाढला पण स्पीड वाढला नाही तरच प्लेटचं काम काढा.

प्रश्न: जादाच्या लाइटा बसवल्या, त्या लावल्या का प्लॅस्टिक जळल्यावानी वास येते. चालते का?
– एक वाचक, वणी

उत्तर: नाही चालत. बाकीच्या वासांना चार दिवस निघतात, याला एक रात्रपण नाही. बिनारिलेची (रिले म्हणजे लाइटचा मोठा करंट बटनावर न आणता चालूबंद करणारी डबी), मोठा फ्यूज टाकून थेट बटनावर वायर ओढलेली दिसते, ती आतून वितळून राहिली. किंवा गाडी कुटाराजवळ (जनावरांच्या वाळक्या चाऱ्याजवळ) उभी असेल तर उंदरानं वायर सोललीय. आज त्या लाइटांचा फ्यूज काढून ठेवा, दहाच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह खोला, आणि उद्या मिस्त्रीकडं नाही, वायरमनकडं न्या, रिले आणि बरोबर फ्यूज टाकून नवी वायर ओढून घ्या. गाडी तोवर कुटारापासून लांब लावा.