डोकं पित्ताचं की फुग्याचं?

मेंदूतल्या अ‍ॅन्युरिझमबद्दल आलेल्या पत्रांत पुन्हा तोच गोंधळ आहे. काहींना उत्तरे.

प्र. अ‍ॅन्युरिझम म्हणजे कॅन्सरची गाठ का?

नाही. धमनीची भिंत कमजोर होऊन तिथे आलेला फुगवटा.

प्र. वीस वर्षं अर्धशिशी आहे. फुगा असेल?

तेवढ्यावरून नाही. दुखण्याची तऱ्हा बदलली, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

प्र. काल भांडी घासताना आईच्या डोक्यात एकदम कळ आली, दोन उलट्या झाल्या. सगळे म्हणाले पित्त. आज बरं वाटतंय. तरी दाखवायचं का?

हो, आत्ता. पुढचं वाचन गाडीत करा. पित्ताचं डोकं चढत जातं. फुग्यातून रक्त आलं की दुखणं मिनिटभरात शिगेला पोहोचतं. माणसाला क्षण आठवतो. एक बाई मला म्हणाल्या, "कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि कुणी घण घातला." घरच्यांनी आलं-लिंबू दिलं, बाम चोळला, निजवलं. संध्याकाळी मान वाकेना, उजेड सोसेना. मोठ्या रक्तस्रावाआधी कधी थोडीच गळती होते, कळ ओसरते आणि घर निर्धास्त होतं. पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांतच सर्वाधिक. पहिल्या 6 तासांतला सीटी स्कॅन सहसा चुकत नाही. उशीर झाला की पाठीतलं पाणी काढून तपासावं लागू शकतं. घरची अ‍ॅस्पिरिन देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर 108 लावा. न्यूरोसर्जन असलेलंच इस्पितळ गाठा.

प्र. एक पापणी खाली आलीय, दोन-दोन दिसतं. चष्मा बदलू?

चष्म्याच्या दुकानात पाऊल टाकू नका. फुगा डोळ्याच्या नसेवर दाबत असू शकतो, त्यातून बाहुली मोठी झाली असेल तर जास्तच शंका. मधुमेहातही पापणी पडते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. आजच.

प्र. सणाच्या पॅकेजमध्ये ब्रेन स्कॅन स्वस्त आहे. घरातल्या सगळ्यांचा करू?

सणाच्या सवलतीत साडी घ्यावी. शंभरातल्या साधारण तीन प्रौढांना असा फुगा असतो, बहुतेकांचा कधीच फुटत नाही. सापडला की जन्माचा घोर मात्र लागतो. आईवडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना झाला असेल किंवा घराण्यात पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) असेल, तर एमआर अँजिओग्राफीचं (एमआरआय यंत्रावर धमन्यांची तपासणी) तज्ज्ञांना विचारा.

प्र. सिगारेट सोडून उपयोग आहे?

आहे. बीपीची गोळीही चुकवू नका.