नावाच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड' की 'एलएलपी'?

प्रश्न : मी आणि माझी जाऊ तासगावात बेदाणा प्रतवारी करून, पाकिटांत भरून विकतो. आमची नोंदणीकृत भागीदारी पेढी असून तिच्या नावाच्या शेवटी 'अँड कंपनी' हे शब्द आहेत. आता एका मोठ्या खरेदीदाराने 'तुमची कंपनी किंवा एलएलपी असेल तरच माल घेऊ' असे कळवले आहे. छापखानेवाले म्हणतात, नव्या लेटरहेडवर 'प्रा. लि.' टाकून देतो. तसे चालेल का? आणि नसल्यास आम्ही कोणता पर्याय निवडावा?

उत्तर : छापखान्यातील काम आधी थांबवा. 'प्रायव्हेट लिमिटेड' किंवा 'लिमिटेड' हे शब्द कंपनी म्हणून नोंदणी झालेल्या संस्थेलाच वापरता येतात. नोंदणी नसताना ते वापरल्यास कंपनी कायदा, 2013 च्या कलम 453 नुसार वापराच्या प्रत्येक दिवसाला किमान 500 आणि कमाल 2,000 रुपये दंड होऊ शकतो. 'अँड कंपनी' या शब्दांना अशी आडकाठी नाही. मात्र त्यांमुळे पेढीची कंपनीही होत नाही. आज पेढीचे देणे थकले, तर धनको तुम्हां दोघींच्या घरादारापर्यंत पोहोचू शकतो. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल तर ही जबाबदारी सहसा गुंतवलेल्या भांडवलापुरतीच राहते; यालाच मर्यादित दायित्व म्हणतात.

नावाचा शेवट हा स्वतंत्रपणे निवडण्याचा भाग नसून संस्थेच्या प्रकाराबरोबर तो आपोआप येतो. खासगी कंपनीला 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि मर्यादित दायित्व भागीदारीला 'एलएलपी' किंवा त्याचे पूर्ण रूप लावावे लागते. एकट्या व्यक्तीच्या कंपनीत सभासद एकच असतो, त्यामुळे तो प्रकार तुमच्यासाठी नाही. शेतमाल पिकवणाऱ्यांनी मिळून काढलेल्या उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक लागतात. आसपासचे द्राक्षबागायतदार सभासद होणार असतील तरच तिचा विचार करावा.

उरलेल्या दोन पर्यायांत दोघी जणी पुरेशा आहेत आणि किमान भांडवलाची अट दोन्हीकडे नाही. फरक पडतो तो वार्षिक खर्चात आणि करात. कंपनीला उलाढाल कितीही असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण करावेच लागते, तर एलएलपी कायद्यानुसार उलाढाल 40 लाख रुपयांच्या किंवा भागीदारांचे भांडवल 25 लाख रुपयांच्या पुढे गेल्यावरच ते बंधनकारक होते. कंपनीने प्राप्तिकराची सवलतीची पद्धत निवडल्यास तिच्या कराचा मूळ दर 22 टक्के, तर एलएलपीचा 30 टक्के असल्याने कंपनी स्वस्त वाटते. परंतु कंपनीचा नफा लाभांश म्हणून घरी नेताना त्यावर तुम्हांला पुन्हा कर भरावा लागतो, आणि एलएलपीच्या नफ्यातील वाट्यावर भागीदाराला वेगळा कर नसतो. म्हणून नफा बहुतांशी घरखर्चाला लागत असेल तर एलएलपी, आणि तो शीतगृह किंवा यंत्रसामग्रीसाठी धंद्यातच ठेवायचा असेल किंवा पुढे बाहेरच्या गुंतवणूकदाराला भागभांडवल द्यायचे असेल तर प्रायव्हेट लिमिटेड, असे मी सुचवेन. तुमच्या पत्रात गुंतवणूकदाराचा उल्लेख नाही, त्यामुळे माझा कल एलएलपीकडे आहे. मर्यादित दायित्वावर मात्र फार विसंबू नका, कारण लहान उद्योगाला कर्ज देताना बँक बहुधा वैयक्तिक हमी मागते, आणि तेवढ्या कर्जापुरता या संरक्षणाचा उपयोग उरत नाही.

नाव ठरवताना आधीच्या कंपन्यांची आणि एलएलपींची नावे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासा. त्याच नावाची कंपनी आधीच असेल, तर शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड'ऐवजी 'एलएलपी' लावून ते नाव मिळत नाही. 'अँड कंपनी' ठेवून पुढे 'एलएलपी' लावता येते. ऐकायला ते विचित्र वाटते, परंतु सनदी लेखापालांच्या कितीतरी संस्था तसेच लिहितात. नाव मंजूर झाल्याने पाकिटावरच्या ब्रँडला संरक्षण मिळत नाही. त्यासाठी सुक्या फळांच्या 29 व्या वर्गात व्यापारचिन्हाचा स्वतंत्र अर्ज करावा. पाकिटाच्या दर्शनी बाजूला ब्रँड एकटा चालेल, मात्र मागे जिथे 'पॅक करणारे' म्हणून नाव व पत्ता छापता, तिथे नोंदणी प्रमाणपत्रावरील पूर्ण नाव 'एलएलपी'सह यायला हवे.

नवी एलएलपी वेगळी स्थापन करण्याऐवजी एलएलपी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार सध्याच्या पेढीचेच रूपांतर करावे, म्हणजे पेढीची मालमत्ता आणि करार एलएलपीकडे आपोआप जातात. रूपांतरापूर्वीच्या देण्यांची तुमची वैयक्तिक जबाबदारी मात्र कायम राहते. शिवाय नोंदणीनंतर 14 दिवसांच्या आत सुरुवात करून पुढील 12 महिने प्रत्येक अधिकृत पत्रावर, ही संस्था अमुक पेढीतून रूपांतरित झाली आहे, असा मजकूर पेढीचे नाव व नोंदणी क्रमांकासह द्यावा लागतो. पॅन, वस्तू व सेवा कराचा क्रमांक आणि अन्नसुरक्षा परवाना नव्या नावाने घ्यावे लागतील. तेव्हा लेटरहेड आणि पाकिटे हे सर्व क्रमांक हाती आल्यावरच छापायला द्या, आणि तोवर खरेदीदाराला रूपांतराच्या अर्जाची पोच पाठवून थोडी मुदत मागून घ्या.