पहिला ट्रॅक्टर घेताय ना?

दोन-तीन एकरांतलं गवत कापायचं, थोडी माती ओढायची, एवढंच काम असेल तर 20-25 एचपी पुष्कळ झालं. नवखे हटकून एचपीच्या मागे लागतात आणि मग अवजारांना पैसे उरत नाहीत.

जुना घेणार असाल तर:

- इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजून जा, थंड इंजिन सुरू होताना दिसणारा दोष लपवताहेत.
- डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढा. ऑइल दुधाळ दिसलं की आत पाणी गेलंय. तिथूनच परत फिरा.
- पीटीओ (इंजिनाच्या ताकदीवर अवजार फिरवणारा शाफ्ट) आणि लिफ्ट (अवजार उचलणारी) भार देऊन बघा.
- पार्ट जवळपास मिळतात का?

मी पहिला घेतला तो नवा रंग बघून. पहिल्याच चढावर क्लच घसरला! उतार असेल तर रोल-बार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट) हवाच. लोडर (माती उचलायचं पुढचं बकेट) वगैरे नंतर बघू.